गेलेला आणि आलेला

पोलीस खात्यात बरंच काही विसरावं लागतं. काही गोष्टी तर वरिष्ठांच्या सांगण्यावरून विसराव्या लागतात. पण बागलाणातलं आखाजीचं ते एक जेवण मी विसरायचं ठरवलं तरी अजून जिभेवर येतं. ताटात आमरस होता, समोर संशयित होता आणि मधे मी, पंचक्रोशीतला सर्वांत संशयी माणूस, मांडी घालून बसलो होतो.

आधी मुलूख सांगतो, म्हणजे माणसं कळतील. नाशिक हा एक जिल्हा आहे ही निव्वळ सरकारी समजूत आहे. पाच-सहा मुलूख एका कलेक्टराच्या गळ्यात बांधले आहेत, झालं. पेठ-सुरगाण्याकडे असा पाऊस की आषाढात गेलेला पाहुणा दिवाळीचा फराळ करून परततो. येवल्याकडे उन्हाळ्यात कावळा पाण्याची बाटली घेऊन उडतो. पिंपळगावला द्राक्षं माणसांपेक्षा थंड खोलीत राहतात. आणि उत्तरेला, सटाण्याच्या वर, साल्हेर-मुल्हेरच्या पायथ्याशी बागलाण. तिथली भाषा अहिराणीकडे झुकते, 'आहे'चं 'शे' होतं, आणि नवा फौजदार पहिला महिनाभर नुसती मान हलवत तक्रारी ऐकतो.

या बागलाणातून सुरतेची जुनी वाट जाते. शेकडो वर्षं तिथून कधी दिल्लीची फौज गेली, कधी गुजरातचे व्यापारी, कधी मराठ्यांचे घोडे. जो आला तो भुकेला आला. त्यामुळे तिथला माणूस पाहुण्याला आधी गूळ-पाणी देतो आणि तो पाणी पीत असताना त्याच्या चपलेला कुठली माती लागली आहे ते बघून ठेवतो. अशा मुलखात मला निवृत्तीआधीची शेवटची नेमणूक मिळाली. मासा पाण्यात सोडावा तसा मी तिथं सुटलो.

प्रकरण सुरू झालं एका अर्जानं. अर्जदार होता गावातला एक तालेवार शेतकरी. दोन ट्रॅक्टर, डाळिंबाची बाग, खिशाला पेन. त्याची विधवा काकू शेजारच्या घरात एकटी राहायची. तिचा एकुलता मुलगा पोरवयात कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि परत आला नाही. आमच्या दप्तरी तो 'मिसिंग' होता. कित्येक वर्षांनी, त्या साली होळीच्या सुमारास, एक दाढीवाला तरुण तिच्या अंगणात उगवला आणि म्हातारीनं 'मना पोऱ्या उना', माझा पोरगा आला, म्हणून त्याला घरात घेतलं. अर्जात पुतण्याचं म्हणणं असं की, हा माझा चुलतभाऊ नव्हे, तोतया आहे. काकूला फसवून जमीन लाटणार आहे. तरी कडक कारवाई व्हावी.

नावं मी कुणाचीच सांगणार नाही. सोयीसाठी हरवलेल्याला 'गेलेला' म्हणू आणि उगवलेल्याला 'आलेला'. ते दोघं एकच आहेत की दोन, एवढाच माझा तपास.

अर्ज चौकशीवर ठेवला. गुन्हा दाखल नाही, म्हणजे अटक नाही, नुसतं विचारणं. पहिला संशय अर्थातच अर्जदारावर घेतला. काकूची एवढी काळजी असलेला पुतण्या मी नोकरीत दुसरा पाहिला नव्हता.

"काकू आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं?" मी विचारलं.

"नेतो ना साहेब. म्हणजे नेलं असतं. ती पडतच नाही आजारी."

"आणि तिची जमीन?"

"मीच कसतो. तिला काय जमतं आता? मी म्हणत होतो, घराला कुलूप लाव, माझ्या मागच्या खोलीत ये. दोन घास खाऊन राहा."

"मागच्या खोलीत आत्ता काय आहे?"

"खताच्या गोण्या," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर पेनाचं टोपण घट्ट करायला लागला.

दुसरी खबर आपण होऊन आली. गावचा न्हावी माझा बातमीदार होता. त्याच्या वस्तऱ्याखाली मान दिलेला माणूस खोटं बोलत नाही, असा त्याचा दावा असे. तो ठाण्याच्या मागच्या दारानं आला आणि कानाशी लागला. "सायेब, तो पोऱ्या दाढी कोरायला उना व्हता. डोक्यावरचं आन् मिशीचं केस एकाच मापानं वाढेल. म्हंजी दोन्ही संगंच काढेल. जेलमधून सुटेल शे, मी सांगस."

मला ते शंभर टक्के पटलं. लगेच आलेल्याला ठाण्यात बोलावलं.

माझ्या नजरेबद्दल खात्यात दंतकथा आहेत. त्यातल्या निम्म्या मीच पसरवल्या आहेत हे खरं. पण माझ्यासमोर बसून लोकांनी अजून न केलेले गुन्हेही कबूल केल्याचं मला आठवतं. आलेला मात्र शांत होता. उन्हानं रापलेला, हातांना ट्रकच्या स्टिअरिंगनं घट्टे पडलेले. बोली अस्सल तिकडचीच.

"शाळेत गुरुजी कोण होते?"

त्यानं सांगितलं.

"तुझी पाटी कुणी फोडली होती?"

"चुलतभावानं. गोट्या खेळताना." त्यानं दाराबाहेर बाकावर बसलेल्या पुतण्याकडे मानेनं खूण केली.

"विहिरीवर झाड कुठलं होतं?"

"उंबर. आता तोडेल दिसतंय."

एकाही उत्तराला तो अडखळला नाही. आमच्या हवालदारानं माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे मुलगा अस्सल. मला उलटंच वाटलं. मी बाहेर जाऊन पुतण्याला झाडाचं विचारलं. तो म्हणाला, जांभूळ. मागोमाग आलेली म्हातारीही बाहेरच बसली होती. तिला विचारलं, ती म्हणाली, कडुनिंब, आणि वर मलाच सुनावलं, झाडाचं काय घेऊन बसले. मग पोलीस पाटलाला फोन करून खात्री केली. झाड उंबराचंच होतं.

आता बघा. जी माणसं त्या झाडाखाली वाढली ती विसरली, आणि जो इतकी वर्षं मुलखाबाहेर होता त्याला पक्कं ठाऊक. घरच्या माणसाच्या आठवणी वापरून झिजतात. ज्यानं त्या ऐकून जपल्या असतील त्याच्याकडे कोऱ्या करकरीत राहतात. मी खुर्ची पुढं ओढली.

"आधार कार्ड?"

"हरवलं साहेब."

"हरकत नाही. शेजारी केंद्र आहे. अंगठा लावला की नाव निघतं. चल."

तो पहिल्यांदा हलला. हात टेबलाखाली गेले. "उद्या येतो."

एवढ्यात म्हातारी आत आली. फडक्यात भाकरी बांधलेली, पदर डोक्यावर, उंचीनं माझ्या टेबलाएवढी. कुणाची परवानगी न घेता तिनं भाकरी त्याच्यापुढं ठेवली.

"खाय." मग माझ्याकडे वळून, "सायेब, मी काही तक्रार करेल शे का?"

"नाही, पण..."

"मना पोऱ्या शे तो. मायले पोऱ्या वळखू येत नही का? त्याले घरी लई जास मी."

आणि ती त्याला घेऊन गेली. मी अडवू शकलो नाही. जिची फसवणूक झाल्याचा संशय तीच म्हणते, झाली नाही. तिच्या शब्दापुढं अंगठा कुठून आणू? पण जाताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांत अडकली. इतक्या वर्षांनी पोटचा मुलगा परत मिळालेली बाई, आणि सगळा वेळ मी तिच्याकडे पाहत होतो, तिच्या चेहऱ्यावर आनंद म्हणून नव्हता. दुःखही नव्हतं. घागर डोक्यावर असताना बाई जशी मान सांभाळते तशी ती स्वतःला सांभाळत होती. म्हणजे आता माझ्याकडे तीन संशयित झाले. पुतण्या खोटा, आलेला खोटा आणि म्हातारी तर दोघांच्या वरताण खोटी. हवालदार म्हणाला, "साहेब, आता मी उरलोय." मी म्हणालो, "तुझंही बघतो."

तपास तिथं अडकला. आलेला शेतात राबत राहिला. पुतण्या दर बाजाराला ठाण्यात येऊन 'काय झालं माझ्या अर्जाचं' विचारत राहिला. असं करत आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पुण्या-मुंबईकडे त्या दिवशी सोनं घेतात. बागलाण-खानदेशात त्या दिवशी मेलेल्यांना पाणी पाजतात. पितराच्या नावानं मातीची घागर भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, आंबे ठेवायचे; गोवरीच्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा आणि आमरसाचा घास टाकून एकेकाचं नाव घ्यायचं. त्या घासाला आगारी म्हणतात. हे सगळं झालं की गावातला प्रत्येक पुरुष पारावर पत्ते खेळायला बसतो. नवरदेवापासून पुजाऱ्यापर्यंत. त्या दिवशी धाड घालायची तर पोलीस पाटलापासून सुरुवात करावी लागते, म्हणून शहाणा अधिकारी त्या वाटेनं जाताना डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करतो.

मीही डोळे चोळत पारावरून गेलो आणि हवालदारासह थेट म्हातारीच्या दारात उभा राहिलो. आखाजीला दारी आलेल्याला परत पाठवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझी सासुरवाडी सटाण्याची. जावई म्हणून तिकडच्या इतक्या आखाज्या जेवलोय की आंब्याच्या झाडांनी माझी धास्ती घेतली होती.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग हवालदाराकडे, आणि दोन पाट मांडले.

ओसरीवरच्या कोपऱ्यात घागर भरलेली होती, डांगर आणि आंब्यांसह. ती तिच्या नवऱ्याची. सासऱ्याची थोरल्या घरी, म्हणजे पुतण्याकडे भरत. आलेला निखाऱ्यापुढं बसला होता. म्हातारी मागून नावं सांगत होती आणि तो घास टाकत होता. नवऱ्याचं नाव झालं, सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं, कुणा जुन्या चुलत्याचं. मग ती थांबली. नावं संपली.

आलेल्यानं आणखी एक घास घेतला. म्हातारीकडे पाहिलं. ती विस्तवाकडे बघत होती. त्यानं तो घास बिननावानं निखाऱ्यावर ठेवला.

मी आमरसाची वाटी तोंडाला लावली होती, पण चव गेली. बिननावाचा घास कुणाला?

त्याच वेळी आतल्या खोलीच्या उंबऱ्याखालून पाण्याचा बारीक ओघळ येताना दिसला. धान्याच्या कोठीमागून येत होता. आता माझं डोकं कसं चालतं ते सांगतो. कोठीमागं ओल दिसली की पोलिसाला हातभट्टीच आठवते. वाटलं, सापडला. आलेल्याचा धंदा दारूचा, आणि म्हातारीला त्यात वाटा. हात धुवायच्या निमित्तानं उठलो, आत गेलो आणि कोठीमागं डोकावलो.

तिथं एक लहानशी लाल घागर होती. नवी कोरी, म्हणून पाझरत होती. वर आंब्याची एक फोड.

ही घागर मला सासुरवाडीनं शिकवली होती. घरातलं कुणी त्या वर्षात गेलेलं असलं तर त्याच्या पहिल्या आखाजीला अशी वेगळी, लहान घागर भरतात. डेरगं म्हणतात तिला. या घरात त्या वर्षी कुणी मेलं नव्हतं. म्हातारीचा नवरा जाऊन जमाना झालेला. उलट घरातला एकुलता मुलगा परत आला होता, ओसरीवर बसून आगारी टाकत होता.

मला न्हाव्याचे शब्द आठवले. डोक्यावरचे आणि मिशीचे केस एकाच मापाचे. जेलमध्ये मिशी कोण कशाला काढेल? ती माणूस कधी काढतो?

वळलो तर दारात आलेला उभा. त्याच्या मागं म्हातारी.

"केस कुणासाठी उतरवले होतेस?" मी विचारलं.

तो खाली बसला. "त्याच्यासाठी. अग्नी मीच दिला साहेब."

"तू कोण?"

"साक्रीकडचा, इथून शेजारचाच. मला कुणी नाही. आम्ही एका गाडीवर होतो, वर्षानुवर्षं. तो चालवायचा तेव्हा मी झोपायचो, मी चालवायचो तेव्हा तो बोलायचा. घर, गुरुजी, विहीर, सगळं. घरी चल म्हणालो की म्हणायचा, पुढच्या खेपेला. पार आसामकडे माल उतरवला आणि तो तापानं फणफणला. दवाखान्यात नेलं, पण..." त्यानं हात उलटे केले. "त्याची पिशवी द्यायला आलो होतो. तेवढंच."

पुढचं म्हातारीनं सांगितलं. तिचं बोलणं मी प्रमाण भाषेत देतो, कारण ते जसंच्या तसं लिहायला माझा हात चालत नाही.

त्या दिवशी पुतण्या अंगणात उभा होता. तिचं घर रिकामं करायला ट्रॅक्टर घेऊन आला होता. भांडी निम्मी ट्रॉलीत चढली होती. तेवढ्यात हा दारात आला आणि 'माय, मी' एवढंच म्हणाला. तिनं त्याच्या हातातली पिशवी पाहिली. जुन्या लुगड्याची, तिनंच शिवलेली. आणि पिशवी दुसऱ्याच्या हातात कधी येते हे आईला सांगावं लागत नाही. पुतण्या बघत होता. ती म्हणाली, 'उना का रे मना पोऱ्या,' आणि त्याला ओढून घरात घेतलं. दार लावलं. मग विचारलं, त्याला कुठं जाळलं?

"हा रडायला लागला तर मी तोंड दाबलं त्याचं," ती म्हणाली. "बाहेर तो उभा होता. भांडी परत आत यायची होती."

ती तेव्हापासून रडली नव्हती. मुलगा घरात असलेली बाई रडेल कशी? पण आखाजीला पोटच्या मुलाला पाण्यावाचून ठेवणं तिला जमलं नाही. गावाला, पुतण्याला, सरकारला सगळ्यांना तिनं चकवलं आणि एवढ्या एका मातीच्या भांड्यावर पकडली गेली.

मी तिला म्हणालो, "माय, जमीन तुझ्या नावावर आहे, घरही आहे. तुला कुणी काढू शकत नाही. कागद तुझ्या बाजूनं आहे."

"कागद तुमना, सायेब. कागद काय ट्रॅक्टरले आडा व्हस का?"

पण त्याला खोट्या नावाखाली ठेवणं शक्य नव्हतं. आज ना उद्या अंगठा लागणारच, आणि मग हा पोरगा तुरुंगात जाणार, म्हातारी खताच्या गोण्यांत. मी ओसरीवर येरझारा घातल्या. बाहेर पारावर कुणीतरी डाव जिंकल्याचा आरडाओरडा झाला. आणि त्या मुलखाचा आणखी एक रिवाज माझ्या ध्यानात आला. शेतावर वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याला सालदार म्हणतात आणि सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं. तोच दिवस होता. आज ठेवलेला सालदार वर्षभर कुणी हलवू शकत नाही. त्याला किंवा तो राहतो त्या घराला हात लावणं म्हणजे गावाच्या चालीला हात लावणं. तेवढी छाती त्या पुतण्याची नव्हती, चार गावांत कुणाचीच नव्हती.

"ठेवशील याला? याच्या खऱ्या नावानं?"

म्हातारी आलेल्याकडे वळली. "ऱ्हाशी का रे?"

त्यानं मान हलवली. पण ती तिथंच थांबली नाही. तिला कळत होतं की आता खरं नाव सांगायचं म्हणजे दुसरंही सांगायचं. तिनं कोठीमागं हात घातला आणि ती लाल घागर दोन्ही हातांनी बाहेर आणून ओसरीवर नवऱ्याच्या घागरीशेजारी ठेवली.

मी हवालदाराला पाठवून पुतण्याला पारावरून बोलावलं. तो हातात पत्ते घेऊनच आला. मी उभ्यानंच सांगितलं.

"तुमचा अर्ज खरा निघाला. हा तुमचा भाऊ नाही."

त्याचा चेहरा असा फुलला की ओसरीवर उजेड पडला. "मी सांगत होतो ना साहेब. पहिल्या दिवसापासून सांगत होतो, तोतया आहे. घाला आत."

"होय, तुम्हीच बरोबर होतात. तुमचा भाऊ माघात वारला. जा, केस उतरवून या."

त्याचं हसू अजून तोंडावरच होतं. मग त्याची नजर लाल घागरीवर गेली. ती कशाची हे त्याला मला सांगावं लागलं नाही. पत्ते त्यानं खिशात घालायचा प्रयत्न केला, दोन-तीन खाली पडले. पायरीवर बसला. विचारलं, "कशानं गेला?" सांगितलं. "पोहायला मीच शिकवलेलं त्याला," तो म्हणाला, कुणाला उद्देशून नाही, आणि पेनाशी चाळा करत न्हाव्याच्या घराकडे निघाला.

तेव्हा म्हातारी रडली. मी दंगली पाहिल्या, गोळीबार पाहिला. पण त्या रडण्यानं पारावरचा डाव थांबला, आणि आखाजीला बागलाणात डाव थांबणं म्हणजे काय ते तिकडच्या माणसाला विचारा.

दुसऱ्या दिवशी आलेल्याचा जबाब घेतला. अंगठा लागला, खरं नाव निघालं, अभिलेखावर काही नाही. आसामकडच्या ठाण्यालाही फोन केला. मृत्यूची नोंद होती आणि मयताचा नातेवाईक म्हणून सही याचीच. जबाब वाचून दाखवताना त्यानं म्हातारीला 'मावशी' म्हटलं. ती खाली मान घालून ऐकत होती, तिथंच डोकं वर केलं.

"नाव तुनं बदलनं. मी का बदलनू का?"

त्यानं मला जबाबात 'माय' असं दुरुस्त करायला लावलं. मी केलं.

अर्जावर शेरा लिहिला: अर्जातील मजकुरात तथ्य आढळून आले, कोणाचीही फसवणूक झाल्याचे आढळून आले नाही, अर्ज दप्तरी दाखल. वरून विचारणा आली की ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी. मी कळवलं की फसवणुकीच्या गुन्ह्याला फसलेला माणूस लागतो, आणि या प्रकरणात फसलेला एकटा अर्जदार आहे, ज्याला पहिल्या दिवसापासून खरं माहीत होतं. त्यावर पुन्हा पत्र आलं नाही.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की खोटं पकडलं की पहिल्यांदा बघा, यात फायदा कुणाचा. मी नोकरीभर तेच बघत आलो आणि पुष्कळांना आत घातलं. त्या म्हातारीपासून एक जास्तीचा प्रश्न मी शिकलो. खोटं बोलणारा त्यासाठी काय मोजतो आहे, तेही बघायचं. चोर स्वस्तात खोटं बोलतो. ही बाई होळीपासून आखाजीपर्यंत पोटच्या पोरासाठी रडली नाही. एवढं मोजणाऱ्याला काय म्हणायचं याचं कलम मी अजून शोधतो आहे. संशय मात्र मी आजही घेतो. सवय आहे, आणि घरचे म्हणतात की आमरस वाढताना त्यांनाही माझी भीती वाटते.